समिधाच्या अंगावरचं

समिधा खोत त्या सकाळी मॅटवर उतरली तेव्हा उजवा पाय जपून टाकत होती. उज्ज्वला चौगुलेच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"पायाला काय झालंय?"

"काय न्हाई, वस्ताद. मॅटनं सोललं होतं, तेच जरा सुजलंय."

"दाखव."

समिधानं नाइलाजानं शॉर्ट वर सरकवली. मांडीच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढं गळू आलं होतं. मधोमध पिवळं तोंड, भोवती लाल कडं आणि त्या कड्यातून वर जांघेकडं निघालेली एक पुसट लाल रेघ. उज्ज्वलानं हात जवळ नेला, तर न टेकवताच आच लागली.

"चल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"वस्ताद, परवा निवड चाचणी हाय."

"चाचणी पुढच्या वर्षी पण येईल."

समिधा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, पण बॅग उचलून निघाली. कागलच्या पुढं, दूधगंगेच्या काठावरची ही मुलींची तालीम. इथं वस्तादांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. जीपमध्ये बसल्यावर तिनं डोकं बाहेर काढून निहारिकाला, आपल्या खोलीतल्या मैत्रिणीला, हाक मारली, "माझं दूध पिऊन टाक गं, न्हाईतर नासंल." तालमीतलं तिचं ते शेवटचं बोलणं.

पूर्वी असल्या गळवाला कुणी भीत नसे. चीर द्यायची, पू काढायचा, आठवडाभर गोळ्या घ्यायच्या, संपलं. ते दिवस मागं पडून बरीच वर्षं झाली होती. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू माणसाच्या कातडीवर आणि नाकात कायम वस्तीला असतो. कितीतरी निरोगी माणसं त्याला जन्मभर घेऊन हिंडतात आणि त्यांना पत्ताही नसतो. कातडी फाटली की तो आत शिरतो. माणसानं त्याच्यावर औषध सोडलं की बहुतेक जंतू मरतात, पण एखाददुसरा त्यातून तगतो आणि मग त्याचीच प्रजा वाढते. माणसं सर्दीला, तापाला, कोंबड्यांच्या खाद्यात, कशालाही अँटिबायोटिक वापरत राहिली आणि तगलेल्यांची प्रजा एकेक औषध पचवत गेली. आता जुन्या गोळ्या निव्वळ खडूसारख्या झाल्या होत्या. मोठ्या दवाखान्यांत एक कुलपातलं कपाट असे. त्यातली दोन-तीन राखीव औषधं प्रयोगशाळेनं जंतू तपासून परवानगी दिल्यावरच बाहेर निघत.

समिधाला ती औषधं मिळाली आणि वेळेत मिळाली. डॉक्टरांनी चीर दिली, पू काढला, शिरेतून औषध सुरू केलं. जंतूनं दाद दिली नाही. दुसरं औषध आणलं, त्यालाही नाही. तिची आई सारिका गावाकडून आली आणि लेकीच्या उशाशी बसली. ती अंग पुसे, ओठांना पाणी लावी, पाय चेपत राही. विष रक्तात उतरलं होतं. आठवडा पुरा व्हायच्या आत समिधा गेली. एकवीस वर्षांची होती.

तालमीत आल्यावर उज्ज्वलानं मॅट धुऊन काढली, औषधाची फवारणी केली, मुलींना घरी पाठवलं. नंतर ती रिकाम्या हॉलमध्ये बसून राहिली. एकदा तिला मागं कुणीतरी अंग टाकल्याचा धप्प आवाज आला. वळून बघितलं तर कुणी नव्हतं. ती उठली आणि समिधा जिथं सराव करायची तो कोपरा परत एकदा धुतला.

*

त्या काळात जंतूचा माग काढणारं एक यंत्र जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत आलेलं होतं. ते जंतूची सगळी जनुकीय लिपी अक्षर न् अक्षर वाचायचं. जंतू वाढताना दर पिढीला ही लिपी नव्यानं उतरवली जाते आणि उतरवताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच जाते. दोन माणसांच्या अंगावरचे जंतू घेतले आणि चुका जुळवून बघितल्या, तर कुणाचा जंतू आधीचा आणि कुणाचा त्यातून निघालेला, हे सांगता येतं. लोक त्याला 'वेल' म्हणत.

वेल आली ती साथी रोखायला. उगम सापडला की त्या माणसाला उपचार द्यायचे आणि साखळी तिथंच तोडायची. पण उगम म्हटलं की लोकांना गुन्हेगारच दिसायचा. एका गावात सासऱ्याच्या मरणाचं खापर सुनेवर फुटलं आणि तिला घराबाहेर काढलं. दुसऱ्या एका गावात न्हाव्याचं दुकान जाळलं. मग नियम झाला. ज्याच्या अंगावर जंतू आहे त्याला तेवढंच सांगायचं. तो कुणाकडून आला, कुणाकडं गेला, हे कुणालाही सांगायचं नाही.

नियमानं वेलीचं तोंड बंद झालं, गावाचं नाही. समिधाला कुणी दिला याचं उत्तर गावानं आधीच ठरवलं होतं. दिवसभर पोरींच्या अंगाला हात लावणारी एकच बाई होती. आई-बापांनी मुलींच्या पेट्या उचलून नेल्या. दूध डेअरीत उज्ज्वला रांगेत उभी राहिली की पुढची बाई पदर सावरून बाजूला व्हायची. उज्ज्वला कुणाला काही बोलली नाही. तिनं लग्न केलं नव्हतं; तालीम हाच तिचा संसार, आणि तिच्या स्वतःच्या मनातही तोच संशय होता. डाव शिकवताना ती मुलींचे खांदे धरायची, मान वळवायची, पायाला पाय अडकवून दाखवायची. कुस्ती तोंडानं शिकवता येत नाही. आता ती स्वतःचे हात बघायची आणि ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटायचे.

तालमीतल्या आणि समिधाच्या घरच्या सगळ्यांचे नमुने घेऊन झाल्यावर ती प्रयोगशाळेत गेली. तिथल्या प्रमुख डॉ. तबस्सुम मुजावर. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या.

"मॅडम, मला फक्त एवढंच सांगा. माझ्याकडनं गेलं का?"

"तुमच्या नाकात, काखेत, कुठंच या वंशाचा जंतू नाही, उज्ज्वलाताई. तुमच्याबद्दल तुम्हाला सांगायला मला आडकाठी नाही. तुमच्याकडून काही गेलेलं नाही."

उज्ज्वलाला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण मोकळं होऊ. पण तिचा पुढचा प्रश्न आधीच तोंडात आला होता.

"मग कुठल्या पोरीकडनं?"

डॉक्टरांनी समोरची फाइल मिटली.

"तालमीतल्या सगळ्या पोरी माझ्याशी बोलल्यात. सगळ्यांना तुम्ही 'नाही' म्हणून कळवलंय. मग राहिलं कोण? आजारी पडायच्या आधी ती फक्त..."

"उज्ज्वलाताई," डॉक्टर म्हणाल्या, "पुढचं बोलू नका. तुम्ही बोललात तर मला गप्प बसावं लागेल, आणि माझ्या गप्प बसण्याचा तुम्ही अर्थ लावाल."

आजारी पडायच्या आधी समिधा फक्त घरी गेली होती. गावच्या जत्रेला.

*

सारिका आणि उज्ज्वला एकाच आखाड्यात वाढल्या होत्या. कागलच्या लाल मातीत दोघींनी एकमेकींना किती वेळा चितपट केलं असेल त्याला गणती नाही. सारिकाचं लग्न झालं, कुस्ती सुटली. मुलगी झाली तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, "ही तुझ्याकडंच यायची."

उज्ज्वला तिला भेटायला गेली. घरात शिरताना तिची पावलं अडखळली, कारण सारिका काय बोलेल ते तिला ठाऊक होतं. पण सारिका भांडली नाही. ती म्हणाली, "ये. बस. तू काय मुद्दाम केलंस व्हय? लोक बोलतात ते मी पण ऐकलंय. पण तुला तरी कुठं माहीत होतं?"

म्हणजे सारिकानं तिला दोषी धरलं होतं आणि माफही करून टाकलं होतं. उज्ज्वला काही बोलणार, तोच सारिका पुढं सरकली.

"मुजावर बाईंचा निरोप आलाय. माझ्या पण नाकात तेच हाय म्हणं. मलम देत्यात, उपचार घ्या म्हणत्यात. मी न्हाई म्हटलं."

"का गं?"

"शेवटी तिचं सगळं मीच केलं ना? तिच्या अंगावरचं माझ्या अंगावर आलं." सारिकानं आपला तळहात गालाला लावला. "कपडे धुवायला लागले त्यातला वास गेला. फोनमधला आवाज ऐकवत न्हाई. हे एवढं जितं हाय तिचं. ते कसं घालवू?"

भिंतीवर समिधाचा फोटो होता, गळ्यात पदक. उज्ज्वला फोटोकडं बघत राहिली. उलटं आहे, हे तिला कळत होतं. लेकीचं आईकडं आलं नव्हतं. आईचं लेकीकडं गेलं होतं. आपल्यावरचा आळ काढायला तिला एकच वाक्य पुरलं असतं. पण ती निर्दोष ठरली असती तर सारिकाला पुढचा हिशेब करायला किती वेळ लागला असता?

"राहू दे मग," उज्ज्वला म्हणाली. "तुझ्या मनाला येईल तेव्हा घे."

त्या दिवसापासून ती डेअरीत बायकांच्या नजरा न चुकवता उभी राहू लागली. तिला वाटलं, एवढं आपण सोसू शकतो.

*

तालमीत अजून सरावाला येणाऱ्या दोन-चार पोरींपैकी निहारिका मगदूम अधूनमधून सारिकाकडं जाते, हे उज्ज्वलाला ठाऊक नव्हतं. समिधाची खोलीतली मैत्रीण, म्हणून सारिका तिला जेवायला ठेवून घ्यायची, केसांना तेल लावायची, मॅटवर घासून सोललेलं कोपर बघून हळद-तेल चोळून द्यायची. दोघींनाही त्यात बरं वाटत होतं.

निहारिकाच्या भावाचा फोन आला तेव्हा उज्ज्वला स्वयंपाक करत होती. कोपर सुजलंय, ताप आहे, लाल रेघ खांद्याकडं चढलीय. मागच्याच आठवड्यात समिधाच्या आईकडं जेवून आली होती, तेव्हा बरी होती. तिनं गॅस बंद केला आणि निघाली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉ. मुजावर भेटल्या. तोच जंतू होता. पण या खेपेला डॉक्टरांच्या हातात एक गोष्ट होती जी समिधाच्या वेळी नव्हती. समिधाच्या जखमेतला जंतू त्यांनी प्रयोगशाळेत जिवंत ठेवला होता आणि मधल्या काळात त्याला खाणारे विषाणू त्याच्यावरच पोसून वाढवले होते. असे विषाणू फक्त जंतूंना मारतात, माणसाला काही करत नाहीत. गटारात, नदीत, सगळीकडं असतात. अडचण एवढीच की एकेक विषाणू ठरावीक वंशाच्याच जंतूला ओळखतो.

"जंतूच्या भिंतीवर एक आवरण असतं," डॉक्टर सांगत होत्या. "आपला विषाणू त्या आवरणाला धरूनच आत शिरतो. जंतूला वाचायचं तर ते आवरण टाकून द्यावं लागतं. पण टाकलं की जुनी औषधं परत लागू पडतात. म्हणून दोन्ही एकदम द्यायचं. विषाणूपासून पळाला तर औषधाच्या तोंडी, औषधापासून पळाला तर विषाणूच्या."

"वाचेल ना ती?"

"वाचेल असं वाटतंय. पण ती बरी होऊन परत त्याच घरी गेली तर? आणि उद्या आणखी कुणी गेलं तर? जंतू तिथं बसून राहिला तर तो आपल्या विषाणूला पण चुकवायला शिकेल. मग माझ्याकडं काही उरणार नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "उपचार घ्या म्हणून मी त्यांना तीनदा सांगितलं. का घ्यायचा, ते सांगायची मला परवानगी नाही."

काचेपलीकडं निहारिका पडली होती. हाताला पट्टी, ओठ सुकलेले. उज्ज्वलाला क्षणभर तिच्या जागी समिधाच दिसली, आणि ती समिधा तिच्याकडं बघतही नव्हती. भिंतीकडं तोंड करून पडली होती.

आपण गप्प बसलो ते सारिकासाठी, असं ती स्वतःला सांगत आली होती. त्या गप्प बसण्याची झळ मात्र या पोरीला लागली होती.

*

सारिका अंगणात शेंगा फोडत बसली होती. उन्हं कलत आली होती. उज्ज्वला पायरीवर टेकली.

"निहारिका दवाखान्यात आहे."

सारिकाचे हात थांबले. "तिला पण? अगं, मग तू तालीम बंद कर की आता! किती पोरींना..." तिनं जीभ चावली. "मला तसं म्हणायचं नव्हतं, उज्जू."

"म्हण. पण माझ्यात न्हाई ते, सारे. कधीच नव्हतं. तालमीत कुणातच न्हाई."

सारिकानं एक शेंग उचलली, बोटांत धरली, फोडली नाही.

"मग कुणात?"

उज्ज्वलानं सगळं वाक्य मनात जुळवून आणलं होतं. रस्ताभर ते घोकलं होतं. आता ते तिच्याच्यानं बोलवेना. आणि तिला ते बोलावंही लागलं नाही. सारिकाच बोलत गेली, हळूहळू, अंधारात भिंत चाचपत चालल्यासारखी.

"जत्रेला आली होती तेव्हा मांडी सोललेली होती तिची. मी हळद-तेल लावलं. नको म्हणत होती. झोंबतंय म्हणत होती. मी धरून बसवून चोळलं." ती थांबली. "निहारिकाच्या कोपराला पण."

उज्ज्वला पायापाशी पडलेली टरफलं गोळा करू लागली.

"मी म्हणत होते, तिचं माझ्याकडं आलंय."

"हं."

"उलटं हाय?"

उज्ज्वलानं मान डोलावली.

 शेजारच्या गोठ्यात कुणीतरी म्हशीला पाणी दाखवत होतं. सारिकाचा चेहरा रडवेला झाला नाही, उतरलाही नाही. त्यातून कुणीतरी उठून निघून गेल्यासारखा तो रिकामा झाला.

"तू का बोललीस?" ती म्हणाली. "लोकांच्या शिव्या सोसल्यास तू. एवढे दिवस सोसल्यास. तेवढं माझ्याकडं राहू द्यायचं होतंस."

"निहारिका जगायला पाहिजे म्हणून बोलले."

"आणि मी?"

 उज्ज्वलानं हात पुढं केला. सारिका झटक्यात मागं सरकली, विस्तवापासून सरकावं तशी.

"शिवू नको मला."

मग ती उठली. दारातल्या हौदाजवळ गेली आणि साबण लावून हात धुऊ लागली. धुतले, परत साबण लावला, परत धुतले. उज्ज्वला बघत राहिली. शेवटी सारिकानं नळ बंद केला आणि ओले हात अंगापासून लांब धरून म्हणाली, "कुठं जायचं ते सांग. मी माझी येते. तू पुढं हो."

*

निहारिका वाचली. ताप उतरायला वेळ लागला आणि कोपराचा सांधा कायमचा आखडला. हात पुरता सरळ होईना, त्यामुळं कुस्ती सुटली. पण तिनं तालीम सोडली नाही. नव्या मुलींना डाव समजावून सांगायला ती मॅटच्या कडेला उभी राहू लागली. मुली हळूहळू परत आल्या. कोण दोषी हे गावाला कळलं नाही, कारण उज्ज्वलानं ते कुणाला सांगितलं नाही आणि सारिकाला सांगू दिलं नाही. सारिका एकदा डेअरीत बोलायला उभी राहिली होती. उज्ज्वलानं तिला तिथून उठवून नेलं.

सारिकाचा उपचार साधा होता. अंगाला औषधी पाणी आणि नाकात विषाणूंचं मलम. काही आठवड्यांनी नमुने घेतले, मग पुन्हा घेतले. जंतू गेला होता. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "माझ्याकडं कुणाकडनं आला होता?"

"ते यंत्राला ठाऊक नाही. तुमच्या मागं कुणाचा नमुनाच नाही. वेल तिथं तुटते."

"म्हणजे माझ्यापासनंच सुरू."

"तसं नाही, सारिकाताई. तुमच्यापासून दिसायला लागते, एवढंच."

सारिकानं मान डोलावली, पण ते तिला पटलेलं नव्हतं. ती कुणाला शिवेना. जावेच्या लहान मुलानं हात पसरले तर ती पदरात हात गुंडाळून आत जायची. तुम्ही आता स्वच्छ आहात, असं डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं. तिचं ऐकून व्हायचं आणि ती हौदाकडं जायची.

मग एके दिवशी तिनं स्वतःहून उज्ज्वलाला फोन केला. "मला ते बघायचंय. समिधाच्या जखमेतलं. तू चल बरोबर."

डॉ. मुजावर आधी नाही म्हणाल्या. नंतर काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी दोघींना आत घेतलं. काचेच्या बंद कपाटात हातमोज्यांनी एक चपटी बशी ठेवली, वरचं झाकण उचललं आणि दिवा लावला.

सारिका काचेला नाक लागेल इतकी वाकली. तिला काहीतरी काळं, किडकं, वळवळणारं दिसेल असं वाटलं होतं. बशीत बारीक गोल ठिपके होते, गुळगुळीत, चमकदार, सोन्याच्या मण्यांसारखे.

"एवढं देखणं?"

"या जातीचं नावच सोन्यावरून पडलंय," डॉक्टर म्हणाल्या.

"हा माझ्यातला का तिच्यातला?"

"तिच्यातला. तुमच्यातल्या जंतूपेक्षा याची तीन अक्षरं वेगळी आहेत. तिच्या अंगात असताना बदलली ती."

"म्हणजे तेवढं तिचं?"

 उज्ज्वलानं डॉक्टरांकडं बघितलं. खोटं बोलणं फार सोपं होतं, आणि खरं बोलणंही.

"ते जंतूचंच आहे," त्या म्हणाल्या. "पण घडलं तिच्यात."

"आता मारणार याला?"

"नाही. गोठवून ठेवतो. पुढं कुणाला हा आजार झाला तर याच्यावरच विषाणू वाढवावे लागतील. निहारिका वाचली ती यामुळंच."

"म्हणजे हा राहणार."

"हो."

"आम्ही सगळी गेल्यावर पण."

"हो."

सारिका किती तरी वेळ ठिपक्यांकडं बघत उभी राहिली. दोन्ही हात तिनं पाठीमागं धरले होते, एकमेकांत घट्ट अडकवून.

"झाकण लावा, बाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी झाकण लावलं. उज्ज्वला दाराकडं वळली. सारिका मात्र हलली नाही. झाकण काचेचं होतं, त्यातून सगळं तसंच दिसत होतं.